पाण्याला दिलेली मुदत

पुण्याच्या सदाशिव पेठेतील आमच्या जुन्या वाड्याच्या जागी जी इमारत उभी राहिली, तिच्या तळमजल्यावर रावसाहेब राहतात आणि तिसऱ्या मजल्यावर मास्तर. एकाची हयात मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनी करण्यात गेली, दुसऱ्याची शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात. आणि दोघांनाही तरुणपणापासून जडलेले समान व्यसन एकच, ते म्हणजे काचेच्या पेटीतले मासे. व्यसन एक असले तरी पंथ मात्र भिन्न. वाडा पाडला तेव्हा रावसाहेबांनी आपली जुनी पेटी कोणाला तरी देऊन टाकली होती. गेल्या चैत्रात नातवाच्या हट्टापायी तीन फुटी नवी पेटी घरात आली, दीडशे लिटर पाणी तिच्यात भरले गेले, दिवा लागला, फिल्टर घरघरू लागला, आणि येत्या रविवारी नातवाच्या वाढदिवशी तिच्यात मासे सोडायचे की पाणी आधी काही आठवडे माशांवाचून फिरवत ठेवायचे, या प्रश्नावर दोघांची जी वादावादी झाली तिला चहाचा पेला हाती धरून मी हजर होतो. पंच म्हणून मला कोणी नेमले नव्हते. तरी जे ऐकले ते क्रमवार नोंदवून ठेवणे मला अगत्याचे वाटले, कारण मासे पाळू पाहणाऱ्या प्रत्येक घरात हा मामला पहिल्याच आठवड्यात उभा राहतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा निकाल मेलेल्या माशांच्या पंचनाम्याने लागतो.

रावसाहेब : मास्तर, पाणी पाहा, आरशासारखे नितळ आहे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारण्यासाठी दुकानदाराने दिलेले अँटी-क्लोरीनचे थेंब मी स्वतः मोजून टाकले. बिऱ्हाड सजले, दिवाबत्ती झाली, आणि बिऱ्हाडकरूंना मात्र तुम्ही महिनाभर दारात तिष्ठत ठेवा म्हणता! हा कुठला कायदा?

मास्तर : बिऱ्हाड सजले खरे, पण त्याला मोरी नाही, रावसाहेब. मासा जे खातो त्यातील नत्राचा त्याज्य भाग तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने त्याच पाण्यात सोडतो, ज्या पाण्यात त्याला पुढचा श्वास घ्यायचा असतो. आणि उरलेले खाद्य व विष्ठा कुजून त्यात आणखी भर पडते. जुन्या, मुरलेल्या पेटीत हा अमोनिया साचत नाही, कारण फिल्टरच्या स्पंजावर, खड्यांवर, काचेवरदेखील जिवाणूंचा एक बुळबुळीत थर बसलेला असतो. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट हे पहिल्या दोहोंच्या मानाने इतके सौम्य असते की दर आठवड्याला थोडे पाणी बदलले म्हणजे त्याची वासलात लागते. आपल्या नव्या पेटीत हा थर अजून बसलेलाच नाही. पाणी नितळ आहे, हा पुरावा ग्राह्य नाही; अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

रावसाहेब : मग महानगरपालिकेच्या हिवताप विभागावर आधी खटला भरा! त्यांची माणसे डबक्यांत, विहिरींत, हौदांत गप्पी मासे सोडत हिंडतात. एकाच्याही हाती तुमच्या त्या अमोनियाच्या चाचणीच्या बाटल्या मी कधी पाहिल्या नाहीत. ते मासे जगतात, डासांच्या अळ्या खातात आणि वर पोरेबाळेही करतात.

मास्तर : जगतात, कारण विहीर काल बांधलेली नसते. तिच्या दगडांवर वर्षानुवर्षांचे शेवाळ असते, तळाशी गाळ असतो, आणि ज्या थराची मी वाट पाहतो आहे तो तिथे कधीच वहिवाटीने बसलेला असतो. शिवाय हजारो लिटर पाण्यात पाच-पन्नास गप्पी, आणि अळ्यांचा खुराक तिथेच उपजलेला; वरून कोणी मूठमूठ खाद्य टाकत नाही. विहिरीचा दाखला माझ्याच बाजूचा आहे, रावसाहेब. तुम्ही तो चुकून माझ्या विरुद्ध सादर केलात.

रावसाहेब : बरे, जिवाणू हवेत म्हणता. ते येणार कुठून? आभाळातून पडणार नाहीत. माशांच्या अंगाबरोबरच येणार ना? मग मासे सोडल्याखेरीज ते येतील कसे? आधी कोंबडी की आधी अंडे, यातलाच हा प्रकार झाला.

मास्तर : ते मातीत आहेत, धुळीत आहेत, नळाच्या पाण्यातही चुकूनमाकून आहेत, पण मूठभर. त्यांना संख्येने वाढायला अन्न लागते, आणि त्यांचे अन्न म्हणजे अमोनिया. तो मासाच देतो असे मात्र नाही. आणि वाढायला लागणारा वेळ ही तर सगळ्या मामल्याची नाडी आहे. दह्याचे विरजण लावले की रात्रीत दही होते, कारण ते जिवाणू योग्य उबेत तासा-दीडतासात दुप्पट होतात. हे आमचे जिवाणू, सर्व काही मनासारखे असले तरी, दुप्पट व्हायला अर्धा ते एक दिवस घेतात. म्हणून विरजणावाचून ठेवलेल्या पेटीला चार ते सहा आठवडे लागतात. आणि हे काही आजकालच्या दुकानदारांनी काढलेले खूळ नव्हे. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघा फ्रेंच संशोधकांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या एका उभ्या नळीतून गटाराचे पाणी सावकाश झिरपवले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसा वरून जाई तसाच खालून येई. मग नायट्रेट दिसू लागले आणि अमोनिया नाहीसा होत गेला. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच सारे काम ठप्प झाले. पुढे मातीचा थोडासा अर्क घालताच ते पुन्हा सुरू झाले. निव्वळ रसायनक्रिया असती तर तिला वीस दिवसांची मुदत लागली नसती आणि क्लोरोफॉर्मने गुंगीही आली नसती. तेव्हा हे काम जिवंत प्राण्यांचे आहे, हा निष्कर्ष त्यांनी काढला. मी तर असे म्हणतो की ती नळी म्हणजे माशांविना मुरवलेली पहिलीच पेटी.

रावसाहेब : गटाराच्या पाण्याची आणि माझ्या नातवाच्या पेटीची सोयरीक तुम्हीच जुळवू जाणे!

मास्तर : सोयरीक त्याहूनही जुनी आहे. तुमच्या कचेरीच्या जुन्या दप्तरांत शोऱ्याचा उल्लेख आला असेल. तोफेच्या दारूसाठी लागणारा शोरा बिहारात काढणारे लोक कुठली माती खरवडत? गोठ्यांजवळची, जुन्या भिंतींच्या पायथ्याची, जिथे जनावरांचे मूत्र वर्षानुवर्षे जिरलेले असे. त्या मूत्रातल्या नत्राचे नायट्रेट कोणी केले? याच जिवाणूंनी. कंपनी सरकारची जहाजे भरभरून जो शोरा विलायतेला गेला, तो या अदृश्य कामगारांच्या मेहनतीचा. आणि आपला शेतकरी ताजे शेण पिकाच्या मुळाशी का घालत नाही? कुजू देतो, मुरू देतो, मगच घालतो. अमोनियाने मूळ करपते हे त्याला कोणत्याही प्रयोगशाळेने शिकवले नव्हते.

रावसाहेब : दृष्टांत गोड आहेत, पण तुमचे शास्त्र आपले फैसले फार वेळा फिरवते. माझ्या तरुणपणी पुस्तकात वाचले होते की नायट्राइटचे नायट्रेट करणारा जिवाणू नायट्रोबॅक्टर. अलीकडे नातू सांगतो, तो नव्हेच, नायट्रोस्पायरा.

मास्तर : नातू बरोबर सांगतो. अशा जिवाणूंना प्रथम वेगळे काढून दाखवले ते विनोग्रादस्की या संशोधकाने, १८९० च्या सुमारास, झुरिकमध्ये. पण गोड्या पाण्याच्या पेट्यांत नायट्राइटचे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात, हे १९९८ मध्ये दिसून आले. आणि २०१५ मध्ये तर अशा नायट्रोस्पायरा सापडल्या की ज्या अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे दोन्ही टप्पे एकट्याच पार पाडतात. त्यांतल्या काही मत्स्यपालनाच्या फिल्टरातूनच मिळाल्या. कामगारांची नावे बदलली, हे कबूल. कामाचा क्रम आणि त्याला लागणारा अवधी मात्र बदललेला नाही. तुमच्या कचेरीत कारकून बदलले म्हणून सातबारा बदलत असे का?

रावसाहेब : (हसून) कधी कधी बदलत असे, पण ते राहू द्या. आता माझा खरा साक्षीदार ऐका. तुम्हीच मला एकदा सांगितले होते की लंडनमध्ये वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचे रोप ठेवले, सडणारी पाने खायला गोगलगायी सोडल्या, आणि पाणी न बदलता ते सारे जगवून दाखवले. त्याच्याजवळ चाचणीच्या बाटल्या होत्या का? रोप, मासा आणि गोगलगाय, तिघांनी एकमेकांना सांभाळले. मीही तसेच करीन. रोपे भरपूर लावीन.

मास्तर : या साक्षीदाराची मी उलटतपासणी करणार नाही, कारण तो खरा आहे. जोमाने वाढणारी पाणवनस्पती अमोनियम सरळ आपल्या अन्नासाठी ओढून घेते. दाट रोपांच्या पेटीत थोडे मासे पुष्कळदा निर्वेध राहतात आणि चाचणीत अमोनिया दिसतही नाही. पण "वाढणारी" या शब्दावर बोट ठेवा. काल आणून खड्यांत खोचलेले रोप अजून मूळ धरायचे असते. पुष्कळदा त्याची बरीच पाने सुरुवातीला गळून कुजतात, आणि तोवर ते अमोनिया घेण्याऐवजी देतच असते. म्हणजे रोपांचा मार्ग धरलात तरी मुदत चुकत नाही. फक्त ती मुरण्याऐवजी रुजण्याची ठरते.

रावसाहेब : ठीक. मग मी चाळीस वर्षे जे करत आलो ते ऐका. नवी पेटी आली की मी चार चिवट, स्वस्तातले मासे सोडत असे. झेब्रा डॅनिओ म्हणा, मोली म्हणा. त्यांनी पाणी मुरवायचे, आणि महिन्याने आपण एंजल आणायचे. ते चार जगले म्हणजे पाण्याची खात्री पटली. यात चूक ती काय?

मास्तर : त्या चौघांतले किती जगत?

रावसाहेब : दोन. कधी तीन.

मास्तर : आणि जे गेले त्यांची नोंद कुठल्या वहीत आहे? आपल्या स्मरणात जिवंत राहिलेल्यांचाच जमाखर्च असतो, रावसाहेब. "माझ्या पद्धतीत मासे जगतात" असे म्हणणारा प्रत्येक जण मेलेल्यांची पाने फाडून टाकलेली वही दाखवत असतो. आणि जे जगले त्यांचेही सांगतो. पाण्याचा सामू ८ आणि उष्णता २५ अंश असेल, तर एकूण अमोनियाचा सुमारे पाच टक्के भाग विषारी मुक्त रूपात असतो. सामू ७ असेल तर अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर. तेव्हा एकाच्या घरी मासे तरतात, दुसऱ्याच्या घरी त्याच कृतीने मरतात, आणि दोघेही आपापल्या नशिबाला पद्धत म्हणतात. अमोनियाने कल्ले पोळतात. पुढे नायट्राइट चढले की ते रक्तात शिरून त्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते, रक्त तपकिरी पडते, आणि भरपूर हवा सोडलेल्या पाण्यातही मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. चिमूटभर मिठाने ते विष शरीरात शिरण्यास काहीसा अटकाव होतो, पण अटकाव म्हणजे सुटका नव्हे.

रावसाहेब : तुम्ही फार कळवळता. मी त्यांना उपाशी ठेवत नव्हतो, दर दोन दिवसांनी पाणी बदलत होतो.

मास्तर : तुम्ही बदलत होता, तुमच्यासारखा नेमस्त माणूस हजारात एक. थोडे मासे, खाद्याची एखादी चिमूट, रोज चाचणी आणि रोज पाणी, अशा शिस्तीने मासे सोडूनही पेटी मुरवता येते, हे मी मान्य करतो. ज्याच्या घरी न कळता मासे येऊन पडलेच आहेत, त्याने हेच करावे. पण जाणूनबुजून तो मार्ग का धरायचा? तुमच्याच कचेरीतला दाखला देतो. जामीन राहणाऱ्याची जामीनकतब्यावर सही लागत असे ना? त्याच्या राजीखुशीवाचून त्याला जामीन धरता येत असे?

रावसाहेब : छे! तसा कतबा टिकलाच नसता.

मास्तर : मग ते चार झेब्रा तुमच्या पाण्याला जामीन राहिले, ते कोणाच्या सहीने?

यावर रावसाहेब काही वेळ बोलले नाहीत. त्यांनी पेला खाली ठेवला, चष्मा पुसला, आणि पेटीकडे पाहत राहिले. फिल्टरमधून येणारे बुडबुडे रिकाम्या पाण्यातून एकामागून एक वर जात होते. युक्तिवाद लागला होता, हे उघड होते. पण अव्वल कारकुनाने शेवटची हरकत नोंदवल्याशिवाय दप्तर मिटले असे कधी होत नाही.

रावसाहेब : एक हरकत उरतेच. पोराचा वाढदिवस रविवारी आहे. पाच-सहा आठवडे रिकामे पाणी पाहण्याइतका संयम माझ्यात आहे, त्याच्यात नाही. आणि माशांऐवजी अमोनिया तुम्ही देणार कशाने? बाटलीतले विष ओतून?

मास्तर : नवसागराने. कल्हईवाला भांड्याला कल्हई करताना जो टाकतो तोच. मात्र बाजारातला मळकट नको, रसायनांच्या दुकानातला शुद्ध. दीडशे लिटरांना सुमारे एक ग्रॅम, म्हणजे दर लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास अमोनिया झाला. सहा आठवड्यांची मुदत विरजणावाचूनच्या पेटीची; आपल्याकडे विरजण आहे. माझ्या पेटीतला एक स्पंज, अठरा महिने चाललेला, मी आज रात्री काढून तुमच्या फिल्टरमध्ये घालतो. त्याला वाटेत नळाच्या पाण्याने धुवायचे नाही, नाहीतर क्लोरीनने विरजणच मरेल. आणि खड्यांत शिंपल्यांचा थोडा चुरा टाका. हे जिवाणू काम करता करता पाणी आम्लाकडे नेतात, आणि सामू फार उतरला तर स्वतःच थंडावतात. श्लोझिंग आणि म्युंट्झ यांच्या नळीत वाळूबरोबर चुनखडी होती, ती उगीच नव्हे.

रावसाहेब : आणि पोराला काय सांगू?

मास्तर : रोजनामा त्याच्या हाती द्या.

पुढचे मी स्वतः पाहिले आहे. रविवारी वाढदिवसाच्या दिवशी पेटीत मासा नव्हता. पण रावसाहेबांनी फूटपट्टीने रकाने आखलेली एक जाड वही नातवाच्या हाती होती, तारीख, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, सामू, शेरा. आणि चाचणीच्या नळीत थेंब पडताच पिवळ्याचे हिरवे होताना पाहण्यासाठी त्याचे चार मित्र त्या रिकाम्या पेटीभोवती दाटीवाटीने उभे होते. सहाव्या दिवशी नायट्राइटचा जांभळा रंग पहिल्यांदा दिसला. त्या संध्याकाळी रावसाहेब स्वतः जिना चढून मास्तरांना सांगायला गेले. मधे एकदा पाणी पांढुरके, गढूळ झाले तेव्हा ते घाबरून पाणी उपसायला निघाले होते, पण तो दुसऱ्याच जातीच्या जिवाणूंचा क्षणिक उठाव असून तो आपोआप शमतो, असे मास्तरांनी सांगितल्यावर त्यांनी बादली खाली ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी पाणी निवळले. अठराव्या दिवशी संध्याकाळी पुन्हा एक ग्रॅम नवसागर टाकला. एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य. मग साचलेले नायट्रेट घालवण्यासाठी तीन चतुर्थांश पाणी बदलले गेले, आणि रावसाहेबांनी आणलेले सहा झेब्रा पेटीत सुटले. सारे मासे एकदम आणू नयेत, जिवाणूंना नव्या भाराशी जुळवून घेऊ द्यावे, ही रावसाहेबांचीच जुनी शिस्त. तिला मास्तरांनीही बिनतक्रार मान तुकवली.

निकाल कोणाच्या बाजूने लागला, असे कोणी विचारले तर मी म्हणेन की मुख्य मुद्द्यावर मास्तरांच्या बाजूने. अमोनिया नवसागराने देता येत असताना तो माशाकडून वसूल करण्यास काही समर्थन उरत नाही. पण विरजणावाचून, रोपांवाचून आणि रोजच्या नोंदीवाचून नुसती सहा आठवड्यांची मुदत हीसुद्धा एक अंधश्रद्धाच. पाणी तारखेने मुरत नाही, चाचणीने मुरल्याचे कळते, आणि मोजण्याची व लिहिण्याची ती शिस्त या मामल्यात रावसाहेबांनी आणली. वाचकांपैकी ज्यांच्या घरी नवी पेटी यायची असेल त्यांना माझी विनंती एवढीच, की पेटी ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी दुकानदाराने माशांची पिशवी कितीही आग्रहाने पुढे केली तरी ती घेऊ नका; त्याऐवजी, मासे निरोगी असलेल्या एखाद्या शेजाऱ्याकडून त्याच्या चालत्या फिल्टरमधला ओला स्पंज मागून आणा.